राखेपासून शाम्पूपर्यंत : गाडी धुण्याची गोष्ट



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे गाडी धुणं. "ताई, हा पोरांचा विषय, आमचा काय संबंध?" असं कुणी म्हणण्याआधीच सांगते, संबंध आहे. पुण्यात किंवा पुण्याच्या कडेला वाघोली, वाकड, हिंजवडी या भागात सकाळी सहा-सातला एखाद्या मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. बादली आणि फडकं घेऊन गाड्या पुसणाऱ्यांत तुम्हाला बायकाही दिसतील. त्यांतल्या बऱ्याच जणी गाव सोडून आलेल्या, आपल्यासारख्याच. दुसरं म्हणजे, आपल्यातले कितीतरी बचत गट भांडी घासायचं लिक्विड आणि फिनेल बनवतात. त्या गटांच्या बैठकीत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "हेच लिक्विड गाडीला चालेल का? बाटलीवर 'कार शाम्पू' असं लेबल लावून विकलं तर?"

प्रश्न पैशाचा आहे आणि विश्वासाचाही आहे. म्हणून त्याचं उत्तर नीट समजून घेऊ. त्यासाठी आधी थोडं मागे जाऊ, साबण येण्याच्याही आधीच्या काळात.

आपल्या आज्या-पणज्या साबणाशिवाय घर लख्ख ठेवायच्या. तेलकट भांड्याला चुलीतली राख. काळ्या पडलेल्या तांब्या-पितळेला चिंच किंवा लिंबू. रेशमी वस्त्राला आणि दागिन्यांना रिठा. केसांना शिकेकाई. प्रत्येक मळाला वेगळी वस्तू, आणि यात कुणी चूक करत नसे. पैठणीला कुणी राख लावली नाही आणि तव्याला कुणी रिठा लावत बसलं नाही.

यामागे शास्त्र आहे, फक्त ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. लाकडाच्या राखेत क्षार असतो. तो तेलाशी मिळाला की थोडासा साबणच तयार होतो, म्हणून ओशटपणा सुटतो. शिवाय राख खरखरीत, त्यामुळे ती घासतेही. चिंच-लिंबात आम्ल असतं. तांब्यावर हवेमुळे जो काळपट थर चढतो तो आम्लात विरघळतो. रिठ्याच्या सालीत फेस आणणारं द्रव्य असतं आणि ते सौम्य असतं, म्हणून ते रेशमाला चालतं. थोडक्यात, काही वस्तू क्षाराच्या, काही आम्लाच्या, काही सौम्य आणि काही नुसत्या खरवडणाऱ्या. हे चार गट लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच चार गटांची आहे.

आता वाहनं. पेशव्यांच्या पुण्यात पालख्या, मेणे, घोडे आणि बैलगाड्या होत्या. पाणी कात्रजच्या तलावातून नळाने शहरातल्या हौदांत यायचं. तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी घडत. वाहन धुणं हा वेगळा उद्योग नव्हता. पोळ्याला बैल नदीवर नेऊन धुवायचे, खंडेनवमीला हत्यारं आणि अवजारं स्वच्छ करून पुजायची, चाकाच्या आसाला वंगण घालायचं, एवढंच. पण त्या रीतीत एक विचार होता. जे आपल्यासाठी राबतं, त्याला स्वच्छ करून वर्षातून एकदा तरी हात जोडायचे. आज दसऱ्याला आपण ट्रॅक्टर, पिकअप, मोटारसायकल धुऊन झेंडूचा हार घालतो, ती हीच रीत पुढे आलेली.

इंग्रजी अंमलात टांगे आणि बग्ग्या आल्या. बग्गीचं लाकूड तेलाच्या रंगाने आणि वॉर्निशने रंगवलेलं असायचं. ते वॉर्निश नाजूक. म्हणून गाडीवानांचा नियम असा होता : उन्हात धुवायचं नाही, गरम पाणी वापरायचं नाही, आधी भरपूर थंड पाण्याने धूळ सोडवायची आणि मगच मऊ स्पंजने पुसायचं. पुढे मोटारी आल्या तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांचे दिवे आणि पुढची जाळी पितळेची असायची. म्हणजे एकाच वाहनात दोन स्वभाव. पितळ घासून चमकवायचं आणि रंगाला मात्र हळुवार हाताने पुसायचं. आपल्या देवघरात समईला एक हात आणि तसबिरीच्या काचेला दुसरा हात लागतो, तसंच.

साबण आपल्याकडे व्यापारी माल म्हणून मोठ्या प्रमाणावर आला तो इंग्लंडहून. १८८८ साली लिव्हर ब्रदर्स कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. साबणात जनावरांची चरबी असते म्हणून पुष्कळ घरांत तो चालत नसे. १९१८ साली गोदरेजने वनस्पती तेलापासून साबण काढला आणि ती अडचण दूर झाली.

पण साबणाची एक खोड होती, आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्या प्रत्येकीला ती ठाऊक आहे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट पांढरट साका धरतो. पाण्यातला चुना आणि साबण एकत्र येऊन तो साका होतो. कपड्यावर तो राखाडी झाक आणतो आणि काचेवर किंवा रंगावर डाग सोडतो.

याच्यावर उपाय निघाला तो युद्धाच्या टंचाईतून. पहिल्या महायुद्धात जर्मनीत तेल आणि चरबीचा तुटवडा झाला, म्हणून चरबीशिवाय फेस आणणारे पदार्थ कारखान्यात बनवायला सुरुवात झाली. त्यातून पुढे डिटर्जंट आला. अमेरिकेत १९४६ साली टाइड नावाची पावडर निघाली. भारतात १९५९ साली सर्फ आला. तो महाग होता, शहरी घरांत जायचा. मग १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घराच्या मागच्या अंगणात पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. ती निरमा. घरात बनवलेला माल हिमतीने विकणाऱ्या आपल्या गटांनी ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. निरमामुळे गावोगाव पावडर परवडू लागली. ठाण्याची पितांबरी चिंचेच्या जागी आली आणि राखेच्या जागी भांड्याची वडी आली.

तरीही चार गट तेच राहिले, फक्त वेष्टन बदललं. कपड्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, म्हणजे ती क्षाराच्या घरातली, राखेची बहीण. पितळ चमकवणारी पावडर चिंचेच्या घरातली. भांड्याची वडी आणि पावडर खरवडणाऱ्या घरातली. चांगलं पातळ लिक्विड त्यातल्या त्यात सौम्य, पण तेल सोडवायला बनवलेलं. पूर्वी वस्तू पाहून तिचा स्वभाव कळायचा. आता सगळं रंगीत पाकिटात येतं, म्हणून चूक होते.

याच काळात आपल्या पुणे परिसरात वाहनांची गर्दी झाली. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. मग आकुर्डीला बजाज आलं, पिंपरीला टेल्को आली. १९७२ च्या सुमारास चेतक स्कूटर आणि लुना घराघरांत दिसू लागल्या. १९९४ साली टाटा सुमो आली आणि १९९८ च्या अखेरीला इंडिका. दोन्ही पुण्यातल्याच कारखान्यात बनलेल्या. गाडी धुणाऱ्याचंही नाव भाषेत रुजलं. ट्रकवरच्या पोराला आपण 'क्लीनर' म्हणतो आणि बोलताना त्याचा 'किन्नर' करतो. शब्दाचा मूळ अर्थ साफ करणारा. टायर बदलणं, माल मोजणं, रात्री ट्रक राखणं ही सगळी कामं तो करतो, पण नाव पडलं ते फडक्यावरून.

क्लीनर लोकांचे स्वतःचे नुस्खे होते. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवला की ट्रक चमकायचा. डॅशबोर्डवर खोबरेल तेल चोळायचं. काच ओल्या वर्तमानपत्राने पुसायची. दिव्यांना टूथपेस्ट लावायची. यातले बरेच नुस्खे त्या काळच्या गाड्यांना खपून गेले. आज सगळे चालत नाहीत, कारण मधल्या काळात गाडीच बदलली.

बग्गीचं वॉर्निश वाळायला आठवडे लागायचे. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत ड्युको नावाचा फवारून मारायचा रंग निघाला आणि मोटारी झटपट रंगू लागल्या. आपल्याकडचे रंगारी आजही फवारून मारलेल्या चकचकीत रंगाला 'ड्युको' म्हणतात. या रंगाचा वरचा थर घासून थोडा निघाला तरी खाली तोच रंग असायचा, म्हणून घासाघीस लपून जायची. मग १९८० च्या दशकापासून जगभर वेगळी पद्धत रुळली. आधी रंग, आणि त्यावर पारदर्शक थर. गॅरेजवाले त्याला क्लिअर कोट म्हणतात. आज आपण ज्या गाडीची चमक पाहतो, ती या थराची असते. तो थर माणसाच्या केसाहूनही बारीक असतो. एकदा ओरखडला की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात, आणि त्या धुऊन जात नाहीत.

आमच्या एका गटातली ताई नवऱ्याबरोबर पुण्याला गेली. तिला एका सोसायटीत चार गाड्या पुसायचं काम मिळालं. बॉनेटवर पक्ष्याची विष्ठा वाळून घट्ट झाली होती. तिने तारेची घासणी आणि भांड्याची पावडर घेतली आणि जीव लावून घासलं. डाग गेला, पण रंगाची चमकही गेली. मालकाने तिचा त्या महिन्याचा सगळा पगार कापला. ताई कष्टाला कमी पडली नव्हती. पातेलं करपलं तर जे करायचं तेच तिने केलं होतं. तिला गाडीच्या कातडीचा स्वभाव कुणी सांगितला नव्हता. खरं तर करपलेल्या पातेल्यालाही आपण आधी भिजत घालतो. इथेही तेच करायचं. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं डागावर ठेवायचं, डाग आपोआप मऊ होतो आणि पुसला जातो.

म्हणून आता घरातली एकेक वस्तू घेऊ आणि तिचं काम पाहू.

कपड्याची पावडर गाडीच्या रंगाला नको. तिचा क्षार मेण आणि पॉलिश काढून टाकतो, रबर कोरडं पाडतो आणि नीट न विरघळलेले दाणे ओरखडे काढतात. चाकांना तर अजिबात नको. हिंडालियमचं पातेलं सोड्याच्या पाण्यात उकळलं तर काळं पडतं हे तुम्ही पाहिलं असेल. नव्या गाड्यांची चकचकीत चाकं ॲल्युमिनियमच्याच जातीची असतात.

भांड्याचं लिक्विड अडीअडचणीला चालतं. बादलीभर पाण्यात एक चमचा, त्याहून जास्त नाही. पण ते गाडीवरचं मेणही तेल समजून काढून टाकतं. दर आठवड्याला वापरलं तर रंग उघडा पडतो. गाडीच्या शाम्पूत क्षार जवळजवळ नसतो आणि तो बुळबुळीत ठेवलेला असतो, म्हणजे धुळीचा कण रंगावर घासला न जाता घसरून पडतो. फरक एवढाच आहे, पण महत्त्वाचा आहे.

व्हिनेगर आम्लाच्या घरातलं. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरे ठिपके पडतात, त्यांना निम्मं पाणी मिसळलेलं व्हिनेगर चालतं. पुसून लगेच साध्या पाण्याने धुवायचं.

खाण्याचा सोडा आतल्या गालिच्यावर भुरभुरवून तासाभराने ब्रशने झाडला की कुबट वास कमी होतो. रंगावर मात्र तो चोळायचा नाही.

रॉकेलचा उपयोग एकच, डांबराचा ठिपका. फडक्याच्या टोकाला थोडं लावून तेवढाच ठिपका पुसायचा आणि ती जागा लगेच साबणाच्या पाण्याने धुवायची. गाडीभर रॉकेल-डिझेल पुसलं तर धूळ चिकटते, रबर फुगतं आणि आगीची भीती राहते ती वेगळीच.

टूथपेस्टची गंमत अशी की जुने दिवे काचेचे होते, त्यांना ती सोसायची. आताचे दिवे प्लॅस्टिकचे असतात. पेस्ट घासली की पिवळेपणा जातो, पण त्याबरोबर वरचा राखण करणारा थरही जातो आणि पिवळेपणा पुन्हा येतो.

फडकं म्हणाल तर जुनी सुती साडी किंवा बनियन उत्तम. जर, बटण, हुक काढलेला हवा. चाकाचं फडकं वेगळं आणि वरचं वेगळं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुक्या धुळीवर सुकं फडकं मारणं. रोज सकाळी घाईत हेच होतं. धुळीत वाळूचे कण असतात. जुन्या गाडीवानाचा नियम इथेही खरा : आधी पाणी, मग हात. सावलीत धुवायचं आणि वरून खाली यायचं.

आता जिवाची गोष्ट. संडास साफ करायचं ॲसिड आणि कपडे पांढरे करायचं ब्लीच कधीही एकत्र करू नका. चाकाचा डाग लवकर निघेल म्हणून दोन्ही एकाच बादलीत ओतणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारायला हाच वायू सोडला होता. तळघरातल्या पार्किंगमध्ये वारा नसतो, तिथे धोका आणखी जास्त. चुकून मिसळलं गेलं तर बादली उचलत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या. हाताला रबरी मोजे मागा. मोजे मागण्यात लाज कसली? काम त्यांचं आहे, कातडी आपली आहे.

पाण्याचाही विचार करायला हवा. नळी सोडून गाडी धुतली तर दहा मिनिटांत शंभर लिटर पाणी सहज जातं. दोन बादल्यांत तीच गाडी स्वच्छ होते, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची. पुण्याचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून येतं, म्हणजे डोंगराकडच्या खेड्यांच्या खोऱ्यांतून. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत टंचाई इतकी झाली की पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी आली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. उन्हाळ्यात डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाईला यावर जास्त काही सांगायला नको.

धुतलेलं पाणी जातं ते गटारातून नदीला. १९५०-६० च्या काळात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर डिटर्जंटच्या फेसाचे डोंगर चढले होते, कारण तेव्हाचे डिटर्जंट कुजत नसत. मग तिथे कायदे झाले आणि कंपन्यांना कुजणारं द्रव्य वापरावं लागलं. आपल्या आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस वारकऱ्यांनी पाहिला आहे. त्यात कारखाने आणि शहरांच्या सांडपाण्याचा वाटा मोठा, हे खरं. पण आपल्या गटाच्या बाटलीतलं पाणीही शेवटी तिथेच जातं. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हा समज आपणच गिऱ्हाइकाच्या मनातून काढायला हवा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. भांड्याच्या लिक्विडवर 'कार शाम्पू' असं लेबल लावावं का? माझं उत्तर, नाही. गाडीसाठी विकायचं असेल तर वेगळा माल बनवावा : क्षार नसलेला, कमी फेसाचा, जास्त बुळबुळीत. प्रशिक्षण देणाऱ्यांकडून त्याचं वेगळं प्रमाण मागून घ्यावं. क्षार तपासायला महाग यंत्र लागत नाही. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पांढरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. आपल्या लिक्विडचा पाण्यात कालवलेला थेंब त्यावर टाका. कागद लाल झाला तर क्षार आहे, तो माल गाडीला नको. पिवळाच राहिला तर क्षार नाही. मात्र आम्ल असलं तरी कागद पिवळाच राहतो, म्हणून विक्रीआधी औषधांच्या किंवा रसायनांच्या दुकानात मिळणाऱ्या पीएच पट्टीवरही एकदा पाहावं. आकडा सातच्या आसपास हवा. आणि पहिला वापर आपल्याच घरच्या मोटारसायकलवर करावा, गिऱ्हाइकाच्या गाडीवर नको.

ज्या बहिणी शहरात गाड्या पुसतात त्यांच्यासाठीही एक गोष्ट. १९८० साली पुण्यातल्या घरकामगार बायकांनी काम बंद ठेवलं आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. धुणं, भांडी, केर-फरशी यांचे पैसे वेगवेगळे असतात, ही गोष्ट आज पुण्यात सगळे मानतात. मग गाडीचे पैसेही वेगळेच ठरले पाहिजेत. "भांडी करतेसच, जाता जाता गाडीवर फडकं मार" असं म्हणणाऱ्याला सांगा की हे वेगळं काम आहे. त्याला वेगळी माहिती लागते, वेगळं सामान लागतं आणि नुकसान झालं तर जबाबदारीही येते. सामान मालकाने द्यायचं, पहिल्या दिवशी गाडीवरचे जुने ओरखडे दोघांनी मिळून पाहायचे आणि मगच कामाला हात लावायचा. असं बोलून ठरवलं असतं तर आमच्या त्या ताईचा महिन्याचा पगार वाचला असता.

राख कशाला, चिंच कशाला आणि रिठा कशाला, हे आपल्या आजीला विचारावं लागत नव्हतं. ते ज्ञान आपल्याकडे आहेच. त्यात नव्या रंगाची आणि नव्या रसायनांची थोडी भर घालायची आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातली एक साबणाची, पावडरीची किंवा लिक्विडची वस्तू आणावी. हळदीचा कागद मी आणते. कोण क्षाराच्या घरातलं, कोण सौम्य, ते सगळ्या मिळून पाहू आणि वहीत लिहून ठेवू.